पडण्याचा विमा

ज्यूदोच्या वर्गात पहिल्या दिवशी कोणी डाव शिकवत नाही, पडायला शिकवतात. पाठीवर पडा, कुशीवर पडा, हनुवटी छातीशी धरा, हाताचा पंजा गादीवर सपकन आपटा, असे महिना-दीड महिना चालते. जपानी भाषेत या विद्येला 'उकेमी' म्हणतात. आमच्या घरी तिची बरीच चेष्टा झाली. "पोरगी पैसे भरून पडायला जाते," असे आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आजीला मी कधी उलट उत्तर दिले नाही, कारण तिचे म्हणणे शब्दशः खरे होते.

आजचा विषय मात्र ज्यूदो नाही. ज्यूदो शिकणारा विद्यार्थी परदेशी जातो तेव्हा त्याच्या पिशवीत विम्याचे जे कागद असतात, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. वार्षिकांकात कविता, प्रवासवर्णने आणि 'आजचा तरुण कोठे चालला आहे?' या धर्तीचे लेख असतात. त्यांच्या रांगेत विम्याचा लेख म्हणजे लग्नाच्या पंगतीत काढा वाढल्यासारखे आहे, हे मला कळते. तरीही लिहिते, कारण हा काढा मी स्वतः चाखला आहे.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या सहा जणांचा गट आठ दिवसांच्या शिबिरासाठी कोलंबोला गेला. आमच्यापैकी कोणीही त्याआधी समुद्र ओलांडला नव्हता. दोघींनी तर विमानतळही पाहिला नव्हता. नगरहून मुंबईपर्यंत एस.टी., पुढे विमान. पासपोर्ट, तिकिटे, गणवेश, सगळ्यांची यादी झाली होती. यादीत शेवटून दुसरी नोंद 'विमा' अशी होती. सरांच्या ओळखीच्या एका एजंटकाकांनी सहाही जणांच्या पॉलिस्या एका दिवसात काढून आणल्या. त्या इंग्रजीत होत्या, बारीक टायपात होत्या, आणि आम्ही त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पासपोर्टाबरोबर ठेवून दिल्या. वाचल्या कोणीच नाहीत. मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करते आहे, तरी मीही वाचली नाही.

शिबिराच्या पाचव्या दिवशी माझ्या मैत्रिणीच्या गळ्याखालचे हासळीचे हाड मोडले. डाव 'ओसोतोगारी' होता. प्रतिस्पर्ध्याचा पाय बाहेरच्या बाजूने कापून त्याला मागे पाडायचे. आपल्या तालमीतल्या बाहेरल्या टांगेचा हा चुलतभाऊच म्हणा. ती थकली होती, वळून खांद्यावर आली. आवाज मला ऐकू आला. तो मला ऐकू येणे साहजिकच होते, कारण डाव मी मारला होता.

तिथले डॉक्टर चांगले होते. त्यांनी हाड बसवले, पट्टा बांधला, दोन दिवस ठेवून घेतले, आणि कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिले की 'ज्यूदोचा सराव करताना पडल्यामुळे'. त्यांनी खरे तेच लिहिले. परत आल्यावर बिले, एक्स-रे, विमानाच्या तिकिटांच्या झेरॉक्स असे सारे जोडून दावा दाखल केला. पाच आठवड्यांनी पत्र आले. भाषा सभ्य होती. धोकादायक खेळ आणि मार्शल आर्ट यांत भाग घेताना झालेल्या इजेचा खर्च अमुक कलमान्वये देय नाही, सबब दावा नामंजूर. आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीतून पॉलिसी काढली आणि तेव्हा ती प्रथम वाचली. कलम होते, अगदी स्पष्ट होते.

तिचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. हॉस्पिटलचे पैसे सरांनी आपल्या पगारातून भरले होते आणि ते परत मागायला ते तयार नव्हते. आप्पा फेडल्याशिवाय राहायला तयार नव्हते. अखेर आप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढले. कोणाचीच लबाडी नाही आणि तरी दोन सज्जन माणसे एकमेकांसमोर ओशाळून बसलेली मी पाहिली. हे सारे माझ्या एका डावामुळे, असे तेव्हा वाटले. आता तसे वाटत नाही. पण ते वाटणे कमी व्हायला बरेच दिवस गेले.

एजंटकाकांकडे आम्ही गेलो तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं पोरींनो, डॉक्टरला जिन्यावरून पडले म्हणून सांगायचं होतं! ज्यूदो कशाला सांगितलं?" काका माणूस वाईट नाही. आमचे नुकसान झाले याचे त्यांना खरोखर वाईट वाटले होते. परंतु त्या एका वाक्याने मी जितकी अस्वस्थ झाले, तितकी त्या नकारपत्रानेही झाले नव्हते. विम्याचा करार परमविश्वासाचा करार समजतात; दोन्ही बाजूंनी महत्त्वाचे काही दडवायचे नाही, हे त्याचे मूळ तत्त्व. आणि ज्या कामासाठी मुलगी देशाबाहेर गेली, नेमके तेच काम तिने दडवावे म्हणजे तिला पैसे मिळतील, अशी येथली रीत. चोरी करणाऱ्याने चोरी लपवावी हे समजते. शिबिराला गेलेल्या मुलीने शिबिर का लपवावे?

येथे कंपनीला शिव्या देणे सोपे आहे, आणि आमच्या वर्गात आठवडाभर तोच उद्योग चालला. पण जरा विचार केला म्हणजे दिसते की कंपनीची बाजू अगदीच लंगडी नाही. परदेश प्रवासाचा साधा विमा मुळात पर्यटकासाठी बेतलेला असतो. सामान हरवणे, पासपोर्ट गहाळ होणे, विमानाला उशीर, अचानक दुखणे, आणि सर्वात वाईट म्हणजे मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च, हे त्यात येते. रोज दोन तास एकमेकांना जमिनीवर आपटणारा माणूस त्या हिशेबात धरलेलाच नसतो. देवळे पाहत फिरणारा प्रवासी आणि आम्ही यांना एकच हप्ता लावला, तर आमच्या मोडलेल्या हाडांचे पैसे तो बिचारा प्रवासी भरणार. म्हणून अपवादाचे कलम. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन हौशी खेळाडूंना संरक्षण देतात, कोठे सरावाला देतात आणि स्पर्धेला देत नाहीत, कोठे देखरेखीची अट घालतात. म्हणजे दार अगदी बंद नाही. ते ठोठवावे लागते, आणि ठोठवताना आपण कोण हे खरे सांगावे लागते. आम्ही ठोठावलेच नव्हते.

माझी तक्रार कलमाविषयी नसून त्या कलमाभोवती जमलेल्या मौनाविषयी आहे. काका बोलले नाहीत, कारण विकण्याच्या वेळी अपवाद सांगितले तर गिऱ्हाईक जाते. सर बोलले नाहीत, कारण त्यांना ठाऊक नव्हते. पालक बोलले नाहीत, कारण सरांना विचारणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. आम्ही बोललो नाही, कारण दुखापतीविषयी आधी बोलणे आपल्याकडे अशुभ समजतात. दुखापतीनंतर मात्र सगळेच बोलतात.

हे मौन ज्या देशात मोडले गेले तो देश योगायोगाने ज्यूदोचाच आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात मूठभर शिष्यांना घेऊन कोदोकान सुरू केले. हे गृहस्थ पेशाने शिक्षक होते. पुढे शिक्षक तयार करणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे ते बरीच वर्षे प्राचार्य होते. आपले आणि दुसऱ्याचे भले बरोबरीनेच व्हावे, हे त्यांनी ज्यूदोचे एक सूत्र मानले. (विम्याचे सूत्र याहून फारसे वेगळे नाही, असे मला वाटते, पण ते असो.) त्याच जपानात शाळेच्या आवारात किंवा शाळेच्या कार्यक्रमात मुलाला इजा झाली तर खर्च देणारी परस्पर साहाय्याची योजना १९६० पासून चालत आली आहे. वर्गणीचा काही भाग पालक भरतात, काही शाळा चालवणारी संस्था भरते. पैसे मागायचे तर अपघात कसा झाला हे लिहून द्यावे लागते. अशा रीतीने वर्षानुवर्षे कागद साठत गेले.

त्या कागदांकडे नागोया विद्यापीठातले समाजशास्त्राचे अभ्यासक र्‍यो उचिदा यांनी पाहिले. १९८३ ते २०११ या काळात शाळांमधल्या ज्यूदोत ११८ मुलांचा मृत्यू झाल्याचे त्यांनी दाखवून दिले. नुसता आकडा सांगून ते थांबले नाहीत. मरणाऱ्यांत पहिल्या वर्षाची, म्हणजे अजून पडायला न शिकलेली मुले फार होती; डोक्याच्या इजा फार होत्या; आणि त्या इजा करणाऱ्या डावांत ओसोतोगारी वर होता. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत युद्धकलांचे शिक्षण सक्तीचे व्हायचे होते. त्याच सुमारास हा आकडा लोकांपुढे आला, मोठा गहजब झाला, नवशिक्यांना कोणते डाव केव्हा शिकवावेत आणि डोक्याला मार लागल्यावर काय करावे याच्या सूचना निघाल्या. पुढची दोन-तीन वर्षे मृत्यूचा आकडा शून्यावर राहिला.

त्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत एकेका गावात एकेक मूल गेले, तेव्हा प्रत्येक गावाला तो आपल्यापुरता दैवाचा घाला वाटला असणार. पैसे देण्यासाठी ठेवलेल्या वहीनेच ते दैव नव्हते हे सांगितले. विमा म्हटले की आपल्याला फक्त रक्कम आठवते. परंतु विमा मोजतो, आणि मोजल्यावाचून डाव कोठे चुकतो ते कळत नाही. आमच्या मैत्रिणीचे हाड मोडले याची नोंद आज कोणत्या वहीत आहे? त्या नामंजूर दाव्याच्या फायलीत असेल तेवढीच.

मातीकडे वळू. २०२५ साली आपल्या जिल्ह्यात महाराष्ट्र केसरीचा फड दोनदा भरला. जानेवारीअखेर नगरच्या वाडिया पार्कवर आणि मार्चमध्ये कर्जतला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेवरून नगर जायला वेळ लागेल.) वाडिया पार्कवर मी वडिलांबरोबर गेले होते. पृथ्वीराज मोहोळला मानाची गदा मिळाली, थार गाडी मिळाली. पंचांच्या निर्णयावरून जो गोंधळ झाला त्याची चर्चा राज्यभर महिनाभर पुरली. माझ्या मनात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. बक्षिसाची ती गाडी रस्त्यावर आणायची तर तिचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. ज्या गुडघ्यांच्या बळावर ती मिळाली त्या गुडघ्यांचा विमा मात्र सक्तीचा नाही. तालमीत हाड सरकले तर वस्ताद बसवतात, नाही बसले तर हाडवैद्य, आणि त्यानेही नाही बसले तर पोरगा शेती पाहतो. अशी किती पोरे शेती पाहतात याची मोजदाद कोणत्याच आखाड्यात टांगलेली नाही.

कुस्तीचा विषय निघाला की खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. मलाही राहवत नाही. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटात सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीला मिळाले, आणि हा इशी मूळचा ज्यूदोचा. महायुद्धानंतर तिकडे ज्यूदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. म्हणजे आमच्या दोन घराण्यांची सोयरीक तशी जुनी आहे.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, प्राध्यापक मंडळी तर विशेष अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कोलंबोहून परतल्यापासून तिच्या आत दडलेला प्रश्न मला दिसू लागला आहे. खर्डेकर सरांसारखा प्राचार्य नसता तर? आमच्या सरांनी आपल्या पगारातून पैसे भरले, ही त्याच गोष्टीची लहान आवृत्ती. दर पिढीत कोणीतरी एक मोठ्या मनाचा माणूस आपले घर किंवा पगार पुढे करील या भरवशावर आपण खेळाडू देशाबाहेर पाठवतो. खाशाबांना पुढच्या आयुष्यात काय मिळाले? पोलीस खात्यातली नोकरी, उतारवयातली ओढाताण, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू, आणि मरणानंतर कितीतरी वर्षांनी अर्जुन पुरस्कार. आपल्याकडे सत्कार उशिरा का होईना, पण हमखास होतो.

सरकारला विमा काढताच येत नाही असे कोणी म्हणू नये. दहीहंडीच्या गोविंदांचा विमा सरकार काढते. २०२३ साली पन्नास हजार गोविंदांसाठी माणशी पंचाहत्तर रुपये भरले गेले, २०२५ साली ही संख्या दीड लाखावर गेली. मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख, दोन अवयव गमावल्यासही दहा लाख, आणि दवाखान्याचा खर्चही. मानवी मनोऱ्यावरून पडणे धोकादायक आहे हे उघड दिसत असूनही, किंबहुना ते दिसत होते म्हणूनच, हे झाले. दरवर्षी गोविंदा पडतात ते टी.व्ही.वर दिसते. ज्यूदोचा वर्ग टी.व्ही.वर दिसत नाही. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास दीड लाख रुपये देते. बारावीचा निकाल लागला की मुलाची हाडे अधिक मजबूत होतात असा काही शोध लागला असल्यास मला माहीत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत बँकेच्या खात्यावर मिळते, ती आपण सर्वांनी घ्यावीच. परंतु ती मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला पैसे देते. मोडलेल्या हासळीच्या बिलाशी तिला कर्तव्य नाही.

आता आपल्याच अंगणात पाहू. आपण सगळे प्रवेशाच्या वेळी जिमखाना फी भरतो. जिमखान्याच्या कपाटात ढाली आहेत, चषक आहेत, विजयी संघांचे फोटो आहेत. जखमांची वही नाही. ती ठेवायला चाळीस रुपयांची फुलस्केप वही लागते: तारीख, खेळ, इजा, कशाने झाली, खर्च किती, कोणी भरला. पाच वर्षांची अशी वही हातात असली तर विमा कंपनीशी बोलायला बळ येते, गट विमा मागता येतो, आणि खो-खोच्या मैदानाचा कोणता कोपरा घोटे मुरगाळतो हेही कळते. जपानात चार किंवा अधिक जणांच्या गटाने वार्षिक क्रीडा विमा घेण्याची सोय आहे. सरावाला येता-जाता झालेला अपघातही त्यात धरतात. चार जण! आपला लहानात लहान संघही याहून मोठा असतो.

माझ्या एका प्राध्यापकांना हा लेख कच्चा असताना वाचायला दिला. ते म्हणाले, "एवढी भीती मनात ठेवून खेळ होतो का?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना म्हटले, "सर, आमच्याकडे पहिला महिना फक्त पडायलाच शिकवतात, आणि जो पडायला शिकतो तोच पुढे मोकळेपणाने डाव मारतो." त्यावर ते हसले आणि दोन ठिकाणचे ऱ्हस्वदीर्घ सुधारून त्यांनी कागद परत दिला. त्यांना माझे म्हणणे पटले की नाही, मला अजून कळलेले नाही.

मैत्रीण आता पुन्हा वर्गात येते. खांदा पावसाळ्यात ठणकतो म्हणते. पतसंस्थेचे चार हप्ते राहिले आहेत. माझ्याशी सराव करताना ती पूर्वीसारखीच जोर लावते. हात आखडतो तो माझाच.

येत्या उन्हाळ्यात वर्गाचा गट टोकियोला जाण्याचे घाटते आहे. जपानमध्ये थोड्या दिवसांसाठी गेलेल्या परदेशी माणसाला दवाखान्याचा सगळा खर्च स्वतःच्याच खिशातून भरावा लागतो. यावेळी पॉलिसी काढण्यापूर्वी मी तीन कंपन्यांना पत्रे लिहिली: आम्ही ज्यूदोच्या सरावासाठी जात आहोत, स्पर्धा नाही, प्रशिक्षक सोबत आहेत, सरावात इजा झाली तर खर्च मिळेल का, मिळत नसल्यास किती जादा हप्ता घेऊन मिळेल, ते लेखी कळवावे. एका कंपनीने छापील माहितीपत्रक पाठवले. दुसरीने फोन करून सांगितले की 'काही अडचण येणार नाही'. हेच कागदावर द्या म्हटल्यावर पुन्हा फोन आला नाही. तिसरीचे उत्तर हा अंक छापायला जाईपर्यंत आलेले नाही. काकांनी दिलेला अर्ज माझ्या वहीत तसाच आहे. 'प्रवासाचा उद्देश' या रकान्यात त्यांनी पेन्सिलीने 'पर्यटन' लिहून ठेवले होते. ते मी खोडून शाईने 'ज्यूदो' लिहिले आहे.